हिरडटोल्याचा स्लॅब

१७ नोव्हेंबर १९८१, कारधा

गोदावरी म्हणाली, तीन दिवसांपासून एकच गोष्ट ऐकून राहिली आहे, आता ती वहीत लिहा आणि मला भाजी चिरू द्या. म्हणून ही वही.

गोष्ट अशी. पवनी तालुक्यात कोंढ्याच्या पुढे हिरडटोला नावाचं गाव आहे. तिथं सरकारनं आरोग्य उपकेंद्र बांधलं. दोन खोल्या, समोर ओसरी. तिथल्या नर्सबाईनं, सत्यभामाबाई नाव, वरपर्यंत तक्रार धाडली की बाळंतपणाच्या खोलीचा स्लॅब मधोमध खचला आहे. गेल्या आठवड्यात अवकाळी पाऊस आला तेव्हा पाणी पन्हळीकडे गेलं नाही, स्लॅबच्या मध्यावर ताटात साचावं तसं साचलं. स्लॅबची खात्री होईपर्यंत मी तिथं एकही बाळंतीण निजवणार नाही, असं तिनं लिहिलं आहे.

खात्री! खात्री देणारा मी बसलोय ना इथं. वीस वर्षं झाली, भंडाऱ्याच्या आमच्या प्रयोगशाळेत काँक्रीटचे क्यूब मी फोडतो. ज्या मालाचा स्लॅब, त्याच मालाचे सहा इंची चौकोनी ठोकळे भरायचे, अठ्ठावीस दिवस पाण्यात ठेवायचे आणि मशीनमध्ये दाबून फोडायचे. चौतीस टनांच्या पुढे टिकला की पास. हिरडटोल्याचे तिन्ही क्यूब बेचाळीस टनांच्या वर गेले. बेचाळीस! असे क्यूब वर्षात दोनदा येत नाहीत. ठेकेदार टेकचंदजींनी जीपमधून स्वतः आणून दिले होते, ओल्या गोणपाटात गुंडाळून, ऑइलपेंटनं नंबर घालून. रजिस्टरात सगळं आहे. कामाचं नाव, तारीख, वजन, फुटण्याचा भार, आणि ‘क्यूब कोणासमक्ष भरले’ या रकान्यात परसराम हटवार, म्हणजे मी, सही.

सुई टोचणाऱ्या बाईनं मला काँक्रीट शिकवावं म्हणजे झालं.

१९ नोव्हेंबर

उपअभियंता कृष्णराव साहेबांनी बोलावलं. साहेबांसारखा माणूस नाही. पाच वर्षांपूर्वी माझी बदली चामोर्शीला निघाली होती, ती त्यांनीच थांबवली. म्हणाले, हटवार, तुम्ही स्वतः जा आणि त्या बाईला समजावून या, तुमच्या शब्दाला वजन आहे. मला बरं वाटलं, खोटं कशाला लिहू.

साहेबांचं भंडाऱ्यातलं नवं घर दिवाळीआधीच स्लॅबवर आलं. माझा साळा विहिरीसाठी दहा पोती सिमेंटच्या परमिटला चार महिने हेलपाटे घालून राहिला आहे. साहेबांना बरं लवकर मिळालं. मोठ्या माणसांचे अर्ज नीट भरलेले असतात. देखरेख टेकचंदजी करतात, एक पैसा न घेता. अशीही माणसं असतात, पण तक्रार नेमकी त्यांच्याच कामाची होते.

२४ नोव्हेंबर

हिरडटोल्याला जाऊन आलो. एसटीनं कोंढ्यापर्यंत, तिथून पायी. रस्त्याच्या दोन्ही अंगाला धानाची कापणी चालू होती.

सत्यभामाबाई पंचेचाळिशीच्या असतील. आवाज चढवत नाहीत, त्यानं जास्त राग येतो. नवी इमारत असताना त्या भय्याजी नावाच्या शेतकऱ्याच्या गोठ्याच्या पडवीत बाळंतपणं करतात. उपकेंद्राची जागाही याच भय्याजीनं दिलेली. मी त्यांना क्यूबचे आकडे सांगितले. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “तुमचा ठोकळा पास झाला असन भाऊ. मी बाईले ठोकळ्याखाली नाही निजवत. या स्लॅबखाली निजवतो.”

मी सुतळी ताणून पाहिली. मध्यावर चौदा मिलिमीटर खाली आहे. ही सेंट्रिंगची चूक. मिस्त्रीनं माल ओतण्याआधी खालच्या फळ्या नीट उचलून घेतल्या नाहीत, स्लॅब पहिल्या दिवसापासून असाच असणार. तसं मी सांगितलं. त्या म्हणाल्या, दिवाळीच्या आधी पाऊस झाला तेव्हा पाणी साचलं नव्हतं. आता बाई काय वाटेल ते म्हणेल.

मी उठलो तर एक गरोदर पोरगी तपासायला आली. सत्यभामाबाईंनी तिच्या नडगीवर अंगठा दाबला, सोडला आणि बघत राहिल्या. मग मलाही बघा म्हणाल्या. दाबल्याचा खड्डा हळूहळू भरून येत होता. म्हणाल्या, भरला तर बरं, खड्डा तसाच राहिला तर मी पोरीले भंडाऱ्याच्या दवाखान्यात धाडतो. मग अगदी सहज विचारलं, “तुमचं मशीन दाबते. दाब काढला तं क्यूब आपल्या जागी येते का नाही, ते पाहता का जी?”

मी म्हटलं, क्यूब फुटतो बाई, जागी कुठून येणार.

कोंढ्यापर्यंत तणतणत आलो. पायाची सूज आणि काँक्रीट एक करून ठेवलं.

२७ नोव्हेंबर

कार्यालयाच्या कपाटातून काँक्रीटच्या नियमांचं पुस्तक काढलं. इंग्रजी आहे, शब्दकोश घेऊन बसलो. माझी पानं मला पाठ आहेत, क्यूबची. बाकीचं कधी उघडलंच नव्हतं.

लिहिलं आहे ते असं. काँक्रीट दगडासारखं दिसलं तरी भाराखाली ते लवतं आणि भार काढला की परत येतं. चांगलं काँक्रीट थोडं लवतं आणि जवळपास सगळं परत येतं. कच्चं काँक्रीट जास्त लवतं आणि परत यायचं विसरतं. बांधलेल्या स्लॅबबद्दल शंका असेल तर त्याच्यावर ठरलेला भार चोवीस तास ठेवायचा, किती लवला ते मोजायचं, मग भार काढून आणखी चोवीस तासांनी पुन्हा मोजायचं. शंभरातले पंचाहत्तर भाग तरी परत आले पाहिजेत.

म्हणजे त्या बाईचा अंगठा.

वीस वर्षांत हजारो क्यूब फोडले असतील. फुटण्याआधी तो काय करतो, हे मी कधी पाहिलं नाही. हे लिहिताना लाज वाटली. पण चांगलंच झालं. आता हीच चाचणी घेतो आणि बाईंच्या डोळ्यांसमोर तो स्लॅब पास करून दाखवतो. मग लिहा म्हणावं तक्रारी.

१ डिसेंबर

साहेबांना सांगितलं. मला वाटलं खूश होतील. म्हणाले, कशाला वाढवता. मी म्हटलं, साहेब, बेचाळीस टनांचं काँक्रीट आहे, घाबरायचं काय. तेवढ्यात जिल्ह्यावरून पत्रच आलं की चाचणी घ्या आणि लेखी अहवाल पाठवा. बाईंनी तिथंही प्रत धाडली होती.

टेकचंदजींनी भारासाठी रेतीची पोती द्यायला नकार दिला. ट्रॅक्टर बिघडला म्हणतात. चांगल्या माणसाला लोक इतका त्रास देतात की तोही शेवटी वैतागतो.

८ डिसेंबर, हिरडटोला

भार गावानं दिला. मी हिशेब करून सांगितलं होतं, सव्वातीन टन पाहिजे. भय्याजी म्हणाला, रेती कायले, धान आहे की. पासष्ट किलोचं एकेक पोतं, पन्नास पोती. सकाळपासून खळ्यावरून बैलबंड्या लागल्या. शिडीवरून माणसं पोती वर चढवून राहिली आणि मी खाली बाळंतपणाच्या खोलीत, मध्यावर स्लॅब किती लवला ते दाखवणारं डायल गेज लावून, सुईवर डोळा ठेवून. धोका नको म्हणून स्लॅबच्या दोन इंच खाली बल्ल्यांचा आधार दिला होता.

दहा पोत्यांना सुई दीड मिलिमीटर हलली. हलणारच. वीस पोत्यांना तीन. तीस झाली तेव्हा मला गेज बिघडलं असं वाटलं, काचेवर टिचकी मारून पाहिली. पन्नास पोत्यांना सात पॉइंट सहा.

मी आकडा मोठ्यानं वाचायचो आणि सत्यभामाबाई तो त्यांच्या बाळंतपणाच्या नोंदवहीत मागच्या पानावर लिहून घ्यायच्या. त्यांना सगळंच लिहायची खोड आहे.

दुपारी जेवताना जिजा नावाची मजूर बाई समोर येऊन बसली. सप्टेंबरमध्ये स्लॅब ओतला त्या दिवशी घमेली वाहायला ती होती. तिनं जे सांगितलं ते जसंच्या तसं लिहितो.

“सिमिट आलं होतं बरोब्बर. पण बारा पोती मिक्सरपाशी आलीच नाही, आल्या पायी जीपीत चढली अन् भंडाऱ्याकडं गेली. मंग माल कायचा? रेती अन् पाणी. घमेल्यातून पाणी माह्या तोंडावर गळे. मी मिस्त्रीले म्हटलं तं तो म्हणे तुले काय करायचं आहे.”

मी विचारलं, क्यूब कधी भरले? तिनं क्यूब म्हणजे काय विचारलं. मी साचा दाखवला. असा डबा त्या दिवशी इथं नव्हताच, म्हणाली. मग मला विचारलं, “तुमी कोठी होते जी त्या दिवशी?”

पाणी पिऊन सुईकडे गेलो.

सप्टेंबरमध्ये भंडाऱ्यात टेकचंदजींचं दुसरं कोणतं सरकारी काम चालू होतं, ते आठवून पाहिलं. कोणतंच नव्हतं. बाईची काहीतरी गफलत होत असेल.

९ डिसेंबर

चोवीस तासांत सुई नऊ पॉइंट चारवर गेली. एक पोतंही वाढवलं नसताना. पोती उतरवली. सगळं गाव जमलं होतं.

१० डिसेंबर

भार काढून चोवीस तास झाले. स्लॅब शून्यावर यायला हवा होता. चार पॉइंट तीनवर अडकून बसला.

नऊ पॉइंट चार खाली गेला, त्यातला पाच पॉइंट एक परत आला. शंभरात चौपन्न. पंचाहत्तर पाहिजे होते.

मी आकडा वाचला. सत्यभामाबाईंनी लिहिला. मला वाटलं आता म्हणतील, बघा. त्यांनी चहा ठेवला. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

आणि बेचाळीस टन? ते बेचाळीस टन कुठून आले? कोणाचे क्यूब मी फोडले? टेकचंद त्या दिवशी माझ्या समोर बसून माझ्या मशीनकडे बघत ‘वा, हटवारजी’ म्हणत होता. वेगळे क्यूब, चांगलं सिमेंट घालून अंगणात बसून भरलेले, आणि मला आणून दिले. माझ्या मशीनला गंडवलं यानं. वीस वर्षांच्या माझ्या मशीनला.

१४ डिसेंबर

अहवाल हातानं लिहून टंकलेखनाला दिला होता. आज टाइप होऊन आला तर ४.३ च्या जागी १.३. टंकलेखकाची चूक. एवढ्या एका आकड्यानं चौपन्नाचे शहाऐंशी होतात आणि स्लॅब पास होतो. मी पेन्सिलीनं खूण करून साहेबांकडे गेलो, म्हटलं, साहेब, बरं झालं माझं लक्ष गेलं.

साहेबांनी खूण खोडरबरनं पुसली. म्हणाले, चूक नाही, सही करा.

मला कळलं नाही. मी पुन्हा समजावून सांगू लागलो की चारचा एक झाला आहे. त्यांनी दार लोटलं आणि क्यूबचं रजिस्टर माझ्यापुढे उघडलं.

“हटवार, क्यूब तुमच्यासमक्ष भरले असं इथं लिहिलं आहे. सही तुमची आहे. स्लॅब वाईट ठरला तर वाईट कोण ठरेल, सांगा मला.”

आवाज नेहमीसारखाच मऊ होता. मी तुमचा विचार करून सांगतो आहे, म्हणाले. तीन वर्षं राहिलीत पेन्शनला.

मी सही केली नाही. पण नाहीही म्हटलं नाही. प्रकृती ठीक नाही सांगून निघून आलो.

१५ डिसेंबर

कामावर गेलो नाही. त्या रकान्यात मी सही का करतो? मला आलो तेव्हापासून तसंच करायला सांगितलं होतं. जिल्ह्याच्या कानाकोपऱ्यात कामं, कार्यालयाला एक जीप, मी एकटा. कोण जाणार प्रत्येक ठिकाणी? सगळेच असं करतात. हे सगळं गोदावरीला सांगितलं. ती धान पाखडत होती. सूप खाली ठेवून तिनं विचारलं, “तुमी होते का तेथी?”

नव्हतो, म्हटलं.

“मंग नव्हतो म्हणून लिहा न. त्यात येवढं काय आहे?”

काय आहे हे तिला कसं सांगू. रागानं जेवलोच नाही. राग तिचा नाही, हे दुपारपर्यंत कळलं.

१८ डिसेंबर

माझ्या हातानं अहवाल लिहिला. ४.३. नियमात पुन्हा एक चाचणी घ्यायची मुभा आहे, ती नागपूरच्या अभियंत्यांनी यावं आणि घ्यावी अशी विनंती केली. खाली वेगळा परिच्छेद घातला की सदर कामाचे क्यूब भरतेवेळी मी हजर नव्हतो, रजिस्टरातली माझी नोंद खोटी आहे. ‘चुकीची’ लिहिलं होतं, खोडून ‘खोटी’ लिहिलं. रजिस्टर्ड पोस्टानं वरच्या कार्यालयाला पाठवला.

मग क्यूबचं रजिस्टर पहिल्या पानापासून काढलं. गेल्या सहा वर्षांत न जाता, न पाहता मी किती ठिकाणी ‘समक्ष’ लिहिलं, ते वेगळ्या कागदावर उतरवत गेलो. एकेचाळीस कामं झाली. त्यातली नऊ टेकचंदची. नऊंपैकी चार शाळा.

माणूस एवढा चिडतो तेव्हा कोणाकडे तरी बघून चिडतो. मला बघायला आज आरसाच उरला. तरी साहेबांवरचा राग कमी झालेला नाही, हेही लिहून ठेवतो. मी आंधळेपणानं सही केली. त्यांनी डोळे उघडे ठेवून चारचा एक केला.

११ जानेवारी १९८२

निलंबित. आरोप असा की शासकीय नोंदवहीत खोटी नोंद केली. आरोप खरा आहे, म्हणून तर आणखी संताप येतो. टेकचंदवर काही नाही. प्राथमिक चौकशी कोणाकडे दिली? कृष्णराव साहेबांकडे.

त्यांनी विचारलं, चार पॉइंट तीनला पुरावा काय, तुमच्या कागदाशिवाय. मी सांगितलं, हिरडटोल्याच्या नर्सबाईंची बाळंतपणाची नोंदवही, मागचं पान. त्यांनी पेनला टोपण लावलं.

परत येताना मुद्दाम त्यांच्या नव्या घरावरून सायकल काढली. रस्त्यात उभं राहून स्लॅब पाहिला. चांगला झाला आहे. कुठं पाणी साचणार नाही. जिजेची बारा पोती तिथं बघायला मला, तिनं सांगितल्यावरही, महिना लागला. गावच्या मजूर बाईला ती ज्या दिवशी दिसली त्याच दिवशी कळलं होतं.

६ फेब्रुवारी

नागपूरहून दोन अभियंते येऊन गेले. त्यांनी पुन्हा भार ठेवून पाहिला आणि स्लॅब नापास केला. कालपासून पाडणं सुरू झालं. मला बोलावलं नव्हतं, मी गेलो.

असा स्लॅब फोडायला चांगलं काम असेल तर चार माणसांना आठवडा लागतो. दीड दिवसात पडला. सळया बाहेर निघाल्या त्या स्वच्छ. काँक्रीटनं सळईला धरून ठेवायचं असतं, तिच्या अंगाला चिकटून राहायचं असतं. इथं मुठीनं पुसली तर सळई नवीसारखी. जिजा ढिगाऱ्यातला तुकडा उचलून बोटांनी चुरडून दाखवत होती. मजुरांना हसू येत होतं. मला त्यांच्या हसण्याचाही राग आला.

पलीकडे भय्याजीच्या पडवीत त्याच वेळी बाळंतपण चालू होतं. घणाच्या आवाजात बाईचं ओरडणं ऐकू येत नव्हतं. बऱ्याच वेळानं सत्यभामाबाई हात पुसत आल्या. मुलगी झाली, म्हणाल्या. नवीन स्लॅबचं काम कोणाला दिलं, असं मी विचारलं. त्यांनी नाव सांगितलं. टेकचंदच्या धाकट्या भावाचं.

मी जवळचा कागद काढून त्यांना दिला. एकेचाळीस कामांचा. वरच्या कार्यालयाला दोनदा पाठवला होता, पोचही नाही. त्यांनी उभ्या उभ्या वाचला. त्यातल्या सात गावांत त्यांच्या ओळखीच्या नर्सबाई होत्या.

“धान आता सगळ्यांच्याच घरी आहे भाऊ,” त्या म्हणाल्या. “सुताराच्या पट्टीनं मोजता येते का?”

येतं, म्हटलं. ताणलेली सुतळी आणि पोलादी पट्टी. अर्ध्या मिलिमीटरपर्यंत येतं.

२१ फेब्रुवारी, चारगोटी

टेकचंदची शाळा. यादीतलं पहिलं नाव मीच निवडलं, कारण इथं वर्ग भरतात. आज रविवार.

सरपंच धनीराम आधी पोती द्यायला तयार नव्हता. सरकारचा माणूस नाही, कागद नाही, निलंबित आहे, मग हा कोण, असं सगळ्यांपुढे विचारलं. मी रजिस्टरातली नोंद वाचून दाखवली, तारखेसह. तो म्हणाला, म्हणजे या शाळेवर तुमचीच सही आहे. माझीच आहे, म्हटलं. मग आमची पोरं तीन वर्षांपासून याच्याखाली बसून राहिली ते तुमच्या भरवशावर? हो, म्हटलं. गर्दीतून कोणीतरी माझ्या अंगावर धावून आलं, त्याला लोकांनी धरलं. धरलं नसतं तरी चाललं असतं.

माझ्यासोबत आलेल्या सत्यभामाबाई त्यांच्याशी बोलल्या. दुपारी पहिली बैलबंडी आली.

बल्ल्या लावल्या, सुतळी ताणली. पट्टी बघायला कोणीतरी आत बसावं लागतं. धनीराम म्हणाला, दोघं माणसं देतो. मी नको म्हटलं, सगळ्यांना खोलीबाहेर काढलं आणि फळ्याखालच्या भिंतीला टेकून एकटा बसलो. फळ्यावर शनिवारचे पाढे तसेच होते.

वर पहिलं पोतं पडलं तेव्हा थोडी माती खांद्यावर गळली. दहा पोती, एक मिलिमीटर. दाराबाहेरून सत्यभामाबाईंनी विचारलं, किती. मी आकडा सांगितला. वीस पोती, दोन. कोणीतरी मागून विचारलं, बरं आहे का? मी म्हटलं, लवतात तर सगळेच स्लॅब, आत्ता काही सांगता येणार नाही. पोती उद्या उतरतील, परवा कळेल. तोवर शाळा बंद ठेवा आणि पुढची पोती येऊ द्या.